कणसांची राख

पश्चिम मेक्सिकोच्या डोंगरातल्या हेसूस मारिया या गावी मी पोहोचले तेव्हा ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार उजाडला होता. ज्या घरी माझी उतरण्याची सोय झाली होती, त्या घराच्या अंगणात एका कडेला दाणे काढून घेतलेली मक्याची कणसे जळत होती आणि पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसून त्यांची काळी राख पत्र्याच्या डब्यात भरत होता. राख भांडी घासायला लागत असेल, असे मी धरून चालले. घरमालकीण बाई चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "हा माझा नातू. आज हा पुसला जाणार आहे." माझे स्पॅनिश कामापुरते बरे होते, तरीही शब्द ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून मी पुन्हा विचारले. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, थोडे सावकाश, लहान मुलाला सांगावे तसे सांगितले.

नोकरीच्या निमित्ताने मी ग्वादालाहारा शहरात साडेतीन वर्षे राहिले. शेजारच्या राज्याचे नाव नायारित, हे पहिल्या महिन्यातच कळले होते. ते नाव एका माणसाचे आहे आणि त्या माणसाची हाडे मेक्सिको शहरात जाळण्यात आली होती, हे कळायला दोन वर्षे लागली. त्यानंतर मात्र या डोंगरात एकदा जाऊन आल्याखेरीज माझ्याने राहवले नाही. नायारितची राजधानी तेपिक, तिथून निघालेली बस किनारपट्टीवरच्या रुईस गावापाशी डोंगराकडे वळते, सान पेद्रो नदी ओलांडते आणि मग वळणे मोजणे सोडून द्यावे लागते. उन्हाळ्याने करपलेले उतार, मध्येच पाइनची झाडी, खाली दऱ्यांत चकाकणारी पाण्याची रेघ. नायार पर्वतरांग म्हणतात ती हीच. इथले लोक स्वतःला नायेरी म्हणवतात. 'कोरा' हे नाव बाहेरच्यांनी दिलेले, पण पुस्तकांत आणि सरकारी कागदांत तेच रूढ झाले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्यांची भाषा बोलणारे सुमारे तेहतीस हजार आहेत. हेसूस मारिया, मेसा देल नायार, सांता तेरेसा, सान फ्रान्सिस्को, अशी त्यांची गावे डोंगरात आणि नदीकाठी विखुरलेली आहेत, आणि हुइचोल, तेपेहुआन व मेहिकानेरो हे त्यांचे शेजारी आहेत.

त्या हाडांची गोष्ट मिठापासून सुरू होते. अझ्टेकांचे राज्य स्पॅनिशांनी १५२१ मध्ये जिंकले, आणि त्यानंतर तब्बल दोनशे वर्षे हा डोंगर मात्र कोणाच्या ताब्यात नव्हता. भोवताली सगळीकडे चर्च, खाणी आणि हमरस्ते झाले होते, आणि मधोमध हा एवढा प्रदेश स्वतःच्या देवांसह उभा होता. तो तगला त्यामागे दुर्गम कडे होते तसा व्यापारही होता. किनाऱ्यावरच्या खारफुटीच्या प्रदेशात पिकणारे मीठ खेचरांवर लादून नायेरी लोक डोंगर ओलांडत आणि पलीकडच्या खाणमालकांना विकत. झाकातेकासच्या खाणींत चांदी वेगळी करण्यासाठी पाऱ्याबरोबर मीठ लागे, तेही थोडेथोडके नव्हे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश अधिकाऱ्यांनी किनाऱ्याची ही वाट अडवायला सुरुवात केली. तेव्हा १७२१ मध्ये नायेरींचा प्रमुख, ज्याला 'तोनाती' म्हणजे सूर्य असे पद होते, आपल्या माणसांसह मेक्सिको शहरात व्हाइसरॉय मार्केस दे व्हालेरो याच्या भेटीला गेला. मिठाची वाट मोकळी करावी, ही त्याची मागणी होती. बदल्यात राजाची सत्ता आणि पाद्री स्वीकारावेत, ही व्हाइसरॉयची. दरबारात होकार दिला गेला खरा, पण डोंगरात परतल्यावर तो टिकला नाही, कारण देवांच्या बाबतीतला सौदा तिथल्या वडीलधाऱ्यांना मान्य नव्हता.

जानेवारी १७२२ मध्ये हुआन फ्लोरेस दे सान पेद्रो याच्या नेतृत्वाखाली फौज आली आणि तिने मेसा हे पठार चढून घेतले. ताहुइतोले नावाचा नायेरी योद्धा त्या चढाईत लढता लढता पडला. पठारावर सूर्याचे देऊळ होते आणि त्यात पूर्वीच्या राजाचा, फ्रान्सिस्को नायारित या नावाने कागदोपत्री नोंदला गेलेल्या पूर्वजाचा, वाळलेला देह वस्त्रे आणि दागिने चढवून बसवलेला होता. लोक त्याच्यापुढे मका आणि कापूस ठेवत, पावसाबद्दल आणि आजाराबद्दल कौल मागत. फौजेने देऊळ जाळले आणि तो सांगाडा मेक्सिको शहराला पाठवून दिला. तिथे चर्चच्या न्यायालयात त्या हाडांवर रीतसर खटला चालला, शिक्षा फर्मावण्यात आली आणि १७२३ मध्ये लोकांसमक्ष ती जाळून त्यांची राख करण्यात आली. फार पूर्वी मेलेल्या माणसावर खटला भरणारे लोक कसल्या भीतीने ग्रासलेले असतील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. जिवंत माणसे शरण आली होती, प्रदेश हाती आला होता. तरीही पूर्वजाची जागा मोकळी केल्याखेरीज विजय पुरा होत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १७३२ मध्ये, होसे दे ओर्तेगा या जेझुइट, म्हणजे जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मसंघातल्या, पाद्र्याने रचलेला स्पॅनिश-कोरा शब्दसंग्रह छापला गेला. या भाषेच्या पहिल्या छापील ग्रंथांपैकी तो एक. ओर्तेगाने शब्द गोळा केले ते धर्मोपदेश करता यावा म्हणूनच, याबद्दल मला संशय नाही. पण उपदेश करण्यासाठी आधी ऐकावे लागते, आणि ऐकलेले त्याने मनापासून लिहून ठेवले. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग आणि कृतज्ञता दोन्ही आहेत, आणि त्यांतले एक दुसऱ्याला अजून हटवू शकलेले नाही.

१७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या साऱ्या मुलखातून घालवून दिले. त्यांच्या जागी फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाचे पाद्री आले, पण एकोणिसाव्या शतकातल्या लढायांच्या धामधुमीत तेही विरळ होत गेले. याच डोंगराळ टापूत मान्युएल लोझादा याने गावांच्या जमिनींसाठी मोठी फौज उभी केली, तेपिकच्या आसपास कित्येक वर्षे त्याचा शब्द चालला, आणि १८७३ च्या जुलैमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. या सगळ्या काळात चर्चच्या इमारती उभ्या होत्या, मूर्ती जागेवर होत्या, घंटा होत्या, आणि पाद्री मात्र क्वचितच होता. मग लोकांनीच सगळे चालवायला घेतले. येशूच्या मरणाचा आठवडा त्यांनी टाकून दिला नाही, आणि जसा मिळाला तसाही ठेवला नाही. तो त्यांनी आपल्या सूर्याच्या हाती सोपवला.

बाईंच्या नातवाने डबा भरला, राखेत थोडे पाणी घालून बोटाने कालवून पाहिले, मनगटावर एक रेघ ओढली आणि ती वाळेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिला. मग डबा घेऊन तो इतर मुलांबरोबर नदीकडे गेला. संध्याकाळी परत आलेल्या रांगेत तो कोणता, हे मला ओळखता आले नाही. डोक्यापासून पायापर्यंत काळी झालेली शेकडो माणसे हातात लाकडी तलवारी घेऊन, बासरी आणि ढोलाच्या तालावर, वाकून धावत होती. यांना 'बोर्रादो' म्हणतात, म्हणजे पुसलेले. अंगाला राख लागली की त्या माणसाचे नाव, घर, नाती काही दिवसांपुरती पुसली जातात. तो कोणाचा मुलगा नसतो, कोणाचा भाऊ नसतो. साधारणपणे पाच वर्षे हे व्रत पाळायचे असते. पाच हा त्यांचा पवित्र आकडा, चार दिशा आणि मधला बिंदू मिळून होणारा. या दिवसांत गावाचा कारभार नेहमीच्या अधिकाऱ्यांकडे राहत नाही. तो 'हुदेआ' म्हणजे या पुसलेल्यांच्या सैन्याच्या आणि त्यांच्या सरदारांच्या हाती जातो.

पाहुण्यांना पाहायला मनाई नाही, पण फोटो काढायला सक्त मनाई आहे, आणि ती मोडणाऱ्याचा कॅमेरा शाबूत राहत नाही. मी फोन घरी ठेवूनच बाहेर पडले आणि बायकांच्या घोळक्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हातात काहीच नसल्यामुळे मला बहुधा अधिक दिसले. गुरुवारी काळ्या अंगांवर पांढऱ्या मातीचे पट्टे आले, आणि शुक्रवारी निळे, लाल, पिवळे रंग आणि डोक्यावर कागदाच्या लगद्याचे अक्राळविक्राळ मुखवटे: शिंगे, सुळे, जनावरांचे जबडे. येशूची भूमिका एका लहान मुलाकडे असते. पुसलेले सैन्य त्याचा माग काढते, त्याच्यावर धावून जाते, त्याच्यासमोर धरलेल्या क्रुसाने कोसळून पडते, पुन्हा उठते आणि अखेर त्याला पकडते. माझ्यापासून हातभर अंतरावर दोघांच्या तलवारी एकमेकींवर आपटत होत्या. ते लाकूड इतके कठीण होते की आवाज धातूसारखा येत होता, आणि एकाच्या बोटांतून रक्त येत असूनही त्याने हात आखडला नाही. गर्दी चिडीचूप होती. माझ्या शेजारच्या बाईने आपले तान्हे मूल शालीखाली झाकून घेतले होते.

अभ्यासक या सगळ्याचा अर्थ असा लावतात की इथला ख्रिस्त हा सूर्य आहे, आणि पुसलेली माणसे म्हणजे रात्र, तारे, पाताळातले जुने जीव, पावसाच्या आधीचा काळोख. ईस्टर कोरड्या ऋतूच्या अगदी शेवटी येते. सूर्य मेल्याखेरीज पाऊस नाही, आणि पाऊस आल्याखेरीज मका नाही. नायेरी लोक सूर्याला तायाऊ, म्हणजे 'आमचा बाप' म्हणतात. पहाटेच्या ताऱ्याला हात्सिकान, म्हणजे 'आमचा थोरला भाऊ'. देवाला माउली म्हणणाऱ्या घरात मी वाढले आहे, त्यामुळे ही नाती मला वेगळी समजावून सांगावी लागली नाहीत.

शनिवारी चर्चची घंटा वाजली आणि सैन्य विस्कटले. माणसे जमिनीवर लोळली, धडपडत उठली, नदीकडे धावली. त्या नदीचे नावही हेसूस मारियाच. काठावर उभे राहून मी मुखवटे पाण्यात पडताना पाहिले. लगदा भिजला की एक शिंग आधी गळते, मग रंग पसरतो, मग कागद उलगडत जातो. ज्या चेहऱ्यांवर कित्येक दिवस मेहनत घेतली असेल ते पाचेक मिनिटांत वाहून गेले, आणि पुढच्या वर्षी ते नव्याने करायचे असतात. माणसे एकमेकांच्या पाठी वाळूने घासून देत होती. पाणी काही काळ राखाडी झाले आणि मग पुन्हा निवळले.

१७२३ मध्ये ज्यांनी राख केली त्यांना या लोकांचे नाव पुसायचे होते. आता हे लोक दरवर्षी आपल्या हाताने राख करतात, ती अंगाला लावतात आणि आपले नाव काही दिवसांसाठी खाली ठेवतात. या दोन गोष्टींचा थेट ऐतिहासिक संबंध आहे, असा माझा दावा नाही. अंगाला राख फासण्याची रीत त्या आगीचे स्मरण म्हणून निघाली असेही कोणी मला सांगितले नाही. पण पुसणे ही गोष्ट ज्यांच्यावर एकदा शिक्षा म्हणून लादली गेली, त्यांनी तिचा असा सराव करून ठेवावा की परतीची वाटही पाठ व्हावी, हे पाहून मी हललेली आहे. परतीची वाट माहीत असलेल्यांनाच पुसले जाणे परवडते.

ही वाट भाषेतही आहे. नायेरी भाषा हुइचोलची सख्खी बहीण आणि अझ्टेकांच्या नाहुआत्लची लांबची नातेवाईक. तिचे व्याकरण डोंगरउताराने घडवलेले आहे. क्रियापदाला लागणारे छोटे छोटे प्रत्यय वस्तू उताराच्या पायथ्याशी आहे, उताराच्या तोंडावर आहे की माथ्यावर आहे, हे सांगतात. आणखी एक भेद 'आत' आणि 'बाहेर' असा आहे. यूजीन कसाड आणि रोनाल्ड लँगॅकर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की यातले 'आत' पुष्कळदा पाहणाऱ्याच्या नजरेच्या रेषेवरून ठरते: पायथ्याशी उभे राहून उताराकडे पाहिले तर सरळ समोर, डोंगरात शिरणाऱ्या रेषेत जे येते ते 'आत', आणि डाव्या-उजव्या बाजूला पडते ते 'बाहेर'. म्हणजे बोलणारा कुठे उभा आहे आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे माहीत नसेल तर वाक्य पुरे समजत नाही. माझे आजोळ सह्याद्रीच्या कुशीत आहे. तिथे 'वर' म्हणजे घाटावर आणि 'खाली' म्हणजे कोकणात, मग चालणारा प्रत्यक्षात चढत असो की उतरत असो. पण आमच्याकडे हे दोन-तीन शब्दांवर भागते. इथे पायाखालचा उतार जवळजवळ प्रत्येक क्रियापदात शिरलेला आहे. ही माणसे सपाट शहरात कायमची राहायला गेली तर त्या प्रत्ययांचे काय होत असेल, हा प्रश्न मला बसमध्ये परतताना पडला आणि अजून सुटलेला नाही.

१९०६ मध्ये कोनराड थिओडोर प्रॉइस नावाचा जर्मन संशोधक इथे फोनोग्राफ घेऊन आला होता. त्याने गायकांना मेणाच्या नळ्यांपुढे बसवून गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि १९१२ मध्ये इथल्या गाण्यांच्या मूळ भाषेतल्या संहिता जर्मन भाषांतरासह छापल्या. त्या नळ्या बर्लिनच्या ध्वनिसंग्रहात आहेत, आणि त्या संग्रहाची नोंद युनेस्कोने १९९९ मध्ये जगाच्या स्मृतिनोंदीत केली. प्रॉइसने टिपलेली बरीचशी गाणी मितोतेची आहेत. मितोते हे नायेरींचे खरे देवकार्य, चर्चपासून दूर, मोकळ्या जागेत, रात्रभर चालणारे. मधे अग्नी असतो. गायक वाळलेल्या भोपळ्यावर धनुष्य टेकवून त्याच्या दोरीवर काड्यांनी ताल धरतो, आणि लोक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अग्नीभोवती नाचत राहतात. वर्षात असे तीन प्रसंग मुख्य: पेरणीच्या आधी, पहिली कोवळी कणसे आली की, आणि दाणे भाजून खाण्याच्या वेळी. गावाचे मितोते वेगळे असते आणि कुळाचे वेगळे. प्रत्येक कुळाकडे आपले स्वतःचे मक्याचे बी असते, पिढ्यान् पिढ्या त्याच शेतांतून आलेले. त्या कणसांची जुडी म्हणजे ते कूळच. घरात मूल जन्मले की ते त्या जुडीशी जोडले जाते.

बाईंच्या स्वयंपाकघरात आढ्याला अशी जुडी टांगलेली होती. धुराने वरून काळपट झालेली, पण आतून निळी, तांबडी, पांढरी, पिवळी कणसे डोकावत होती. खाली चुन्याच्या पाण्यात शिजवून धुतलेला मका त्या पाट्यावर वाटत होत्या. त्यांचा पाटा तीन पायांचा आणि उतरता, वरवंटा दोन्ही हातांनी धरायचा, आणि बसायचे गुडघ्यांवर. मी हात लावून पाहिला. माझे वाटण भरडच राहिले. वाटता वाटता त्या सांगत होत्या की नातू डिसेंबरनंतर खाली किनाऱ्यावर तंबाखूच्या शेतात असतो, या आठवड्यासाठी चढून वर आला आहे. सांतियागो इस्क्विंत्लाच्या आसपासच्या त्या शेतांत कुटुंबेच्या कुटुंबे दोरीला ओवून वाळत घातलेल्या तंबाखूच्या पानांखालीच झोपतात, आणि तोडणीच्या कामात पानांवरची कीटकनाशके त्यांच्या हाताला, अंगाला लागतात. बाईंना याची पूर्ण कल्पना होती. "पण रोख पैसे तिथेच मिळतात," त्या म्हणाल्या, आणि वरवंटा थांबला नाही.

पाण्याचा प्रश्न त्यांनीच काढला. सांतियागो नदीवर अग्वामिल्पाचे धरण १९९० च्या दशकात झाले, मग एल काहोन, मग ला येस्का. पाणी डोंगरात घुसले आणि काही गावे, काही देवस्थाने त्याखाली गेली. नंतर सान पेद्रो नदीवर लास क्रुसेस हे २४० मेगावॉटचे धरण आखले गेले. २०१४ मध्ये त्याला पर्यावरण खात्याची सशर्त परवानगीही मिळाली. ही नदी या पर्वतरांगेतली न अडवलेली शेवटची मोठी नदी, तिच्या मुखाशी खारफुटीचा अफाट प्रदेश, आणि तिच्या पात्रात मुशातेना नावाचा खडक, जिथे नायेरी लोक नैवेद्य घेऊन जातात. नायेरी, हुइचोल आणि खालच्या गावांतले कोळी-शेतकरी यांनी एकत्र येऊन विरोध केला, न्यायालयात गेले, आणि ते धरण आजवर उभे राहिलेले नाही. ९ ऑगस्ट २०२३ रोजी मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने नायेरी, हुइचोल, तेपेहुआन आणि मेहिकानेरो यांच्या पवित्र जागांना आणि यात्रेच्या वाटांना संरक्षण जाहीर झाले. कागद आणि पात्र यांच्यात अंतर असते, हे तिथल्या लोकांना कोणी शिकवायला नको. तरीही तीनशे वर्षांपूर्वी ज्या शहराने हाडे जाळली, त्याच शहरातून निघालेल्या कागदावर आता त्यांच्या पवित्र जागांचे रक्षण करण्याची भाषा आहे, आणि मी ती हलकी मानत नाही.

रविवारी सकाळी निघायच्या आधी मी बाईंना जुडीतले एक कणीस विकत मागितले. पैसे हातात धरूनच मागितले. घरी परतल्यावर ते माझ्या टेबलावर ठेवावे, असे मनात होते. त्यांनी जुडीकडे पाहिले, मग नातवाकडे. तो न्हाऊन, केस ओले विंचरून, तंबाखूच्या शेताकडे परत जायला पिशवी भरत होता. "त्यातले एक त्याचे आहे," त्या म्हणाल्या. "एक माझ्या थोरल्या मुलाचे, तो उत्तरेकडे गेला आहे, अजून आलेला नाही. कोणते देऊ?" मी पैसे परत ठेवले. त्यांनी तव्यावरच्या दहा-बारा भाकऱ्या फडक्यात बांधल्या, पाच माझ्या हातात दिल्या आणि उरलेल्या नातवाच्या पिशवीत ठेवल्या. आम्ही दोघे एकाच बसने खाली उतरलो.